मुखपृष्ठावरचं नाव आणि आतली मुलगी

‘स्मृतिचित्रे’च्या मुखपृष्ठावर लक्ष्मीबाई टिळक असं नाव आहे. पुस्तक उघडलं की सुरुवातीला जी मुलगी भेटते तिचं नाव मात्र मनकर्णिका गोखले. नाशिकजवळच्या जलालपूरची. वडिलांच्या सोवळ्यानं सगळं घर जेरीला आलेलं. बाहेरून आलेली चीजवस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी तिचं लग्न लागलं आणि नाव, आडनाव दोन्ही बदललं. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत येऊन बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला न सांगता. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून त्यांच्या आठवणी पुस्तकरूपानं यायला लागल्या तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. इतकं सगळं बदलल्यावर त्या पुस्तकात ‘मी’ म्हणून बोलणारी बाई नेमकी कोण?

बायकांची आत्मचरित्रं वाचताना हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपण तो क्वचितच विचारतो. आपली समजूत साधारण अशी असते, की माणूस आधी पूर्ण घडतो, मग निवांत बसून घडलेलं कागदावर उतरवतो. ओळख आधी, पुस्तक नंतर. या विषयाचा अभ्यास करणारे लोक गेली कित्येक वर्षं सांगताहेत, की बऱ्याच अंशी हे उलट चालतं. लिहिता लिहिता ती ओळख बनते. कुठून सुरुवात करायची, कोणाला मध्ये उभं करायचं, काय गाळायचं, कोणाला उद्देशून बोलायचं, हे ठरवता ठरवता लिहिणारी बाई स्वतःला एक आकार देते. त्या आकाराला आपण मग ‘ती अशी होती’ म्हणतो.

हे फार हवेतलं वाटेल, म्हणून आधी आठवणीचं बोलू. १९३२ मध्ये फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं आठवणींवर एक पुस्तक लिहिलं. त्यानं केंब्रिजच्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळानं ती पुन्हा सांगायला लावली. लोकांनी ती बदलून सांगितली. जे त्यांच्या जगात बसत नव्हतं ते गळालं, जे विचित्र होतं ते ओळखीचं झालं. लबाडी कोणीच करत नव्हतं. आठवणं म्हणजे दर वेळी नव्यानं जुळवणं, एवढंच त्यातून दिसलं. पुढं डॅन मॅकॅडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणखी एक पाऊल टाकलं. आपण कोण आहोत, हे आपल्याला आपल्याच आयुष्याच्या गोष्टीतून कळतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या आयुष्याला कुठं वळण लागलं, कोणामुळं लागलं, त्यातून मी काय झाले, ही जी गोष्ट आपण मनाशी लावत असतो तीच आपली ओळख. आत्मचरित्र लिहिणारी बाई तेच काम उघड्यावर, चार लोकांसमोर करते.

आता साहित्याच्या अभ्यासातली एक कल्पना. १९७५ मध्ये फिलिप लजून या फ्रेंच अभ्यासकानं म्हटलं, की आत्मचरित्र म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला एक करार असतो. मुखपृष्ठावर ज्याचं नाव आहे, आत जो ‘मी’ म्हणून सांगतो आहे आणि ज्याची गोष्ट सांगितली जाते आहे, ती तिन्ही माणसं एकच आहेत, असं लेखक आपल्या नावावर वाचकाला वचन देतो. कादंबरीत असं वचन नसतं. कल्पना सुटसुटीत आहे आणि बहुतेक ठिकाणी लागू पडते. पण ती मराठी बायकांच्या पुस्तकांना लावायला गेलं, की नावापाशीच अडायला होतं.

रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. आनंदीबाई कर्वे आधी गोदूबाई, आणि सगळ्यांच्या तोंडी बाया. सिनेमातल्या हंसा वाडकर यांचं मूळ नाव रतन साळगावकर. दुर्गा खोटे गिरगावातल्या लाडांच्या घरातली विटा. खोटे हे पहिल्या यजमानांचं आडनाव. ते ऐन तरुणपणी गेले. दोन मुलं पदरात होती, म्हणून त्या सिनेमात आल्या. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तल्या तारामतीनं त्यांचं नाव घरोघरी पोचवलं. पुढं दुसरं लग्न झालं तरी पडद्यावर आणि पुस्तकावर नाव खोटेच राहिलं. १९८२ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचं नावच आहे ‘मी, दुर्गा खोटे’. त्या स्वल्पविरामाच्या मागं किती माणसं उभी आहेत बघा: बाप, नवरा, मुलं, प्रेक्षक.

पुरुषाच्या आत्मचरित्रात मुंजीतला मुलगा आणि मुखपृष्ठावरचा म्हातारा यांचं नाव एकच असतं. त्याला आपण तेच आहोत हे सिद्ध करावं लागत नाही. बाईला ते करावं लागतं. लग्नानं नाव बदललं, पोटापाण्यानं बदललं, धर्मानं बदललं, आणि तरीही जलालपूरची ती मुलगी मीच, हे तिला वाक्यावाक्यातून जोडून दाखवावं लागतं. लजूनच्या करारात जे गृहीत धरलेलं आहे ते आपल्याकडच्या बाईला कमवावं लागतं. मला तर वाटतं, या पुस्तकांतला जिवंतपणा पुष्कळदा या जोडकामातूनच येतो. लक्ष्मीबाई आपल्या भाबडेपणावर, भीतीवर, सोवळ्याच्या हट्टावर इतक्या मोकळेपणानं हसतात, कारण हसणारी बाई त्या मुलीपासून लांब आलेली असते आणि तिला विसरलेलीही नसते. ख्रिस्ती नवऱ्याकडं राहायला गेल्यावरही त्या सुरुवातीला आपलं पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवत होत्या. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा प्रश्न त्यांनी वाद घालून सोडवला नाही. तो हळूहळू त्यांच्या आतच सुटला. जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केला, हे त्यांचं त्यांना उमगलं. धर्मांतराची जाडजूड कारणं शोधणाऱ्या माणसाला त्या पाण्याच्या गोष्टीत जे सापडेल ते प्रवचनात सापडणार नाही.

पुस्तक लिहिण्याचं निमित्त मात्र लक्ष्मीबाई नव्हत्या. टिळकांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात म्हणून ते सुरू झालं. इथं दुसरा मोठा मुद्दा येतो.

जॉर्ज गुसडॉर्फ नावाच्या फ्रेंच विचारवंतानं १९५६ मध्ये आत्मचरित्रावर एक लेख लिहिला, तो पुढं खूप गाजला. आपण इतरांपासून वेगळे, एकटे, एकमेव आहोत अशी जाणीव असल्याशिवाय माणूस आत्मचरित्र लिहीत नाही, असा त्याचा रोख होता. आणि ही जाणीव पाश्चात्त्यांची खास, असंही त्याला वाटत होतं. १९८० मध्ये मेरी मेसन या अभ्यासिकेनं जुनी इंग्रजी स्त्री-आत्मचरित्रं तपासली, तेव्हा तिला वेगळंच दिसलं. बायका आपली गोष्ट कोणाच्या तरी सोबतीनं सांगतात. देव, नवरा, मूल, समाज, कोणीतरी दुसरं शेजारी असतं, आणि त्याच्याशी असलेल्या नात्यातून त्यांचं स्वतःचं रूप दिसू लागतं. नंतरच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी यातून गुसडॉर्फला सरळ प्रश्न केला: एकटेपणाचीच जाणीव खरी, असं कोणी ठरवलं?

आपल्याला यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. सतराव्या शतकात वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी अभंगांतून आत्मनिवेदन केलं. त्यात नवऱ्याचा मार आहे, तुकोबांचा ध्यास आहे, आणि स्वतःचे आधीचे बारा जन्मसुद्धा आहेत. ते त्या आपल्या मुलाला सांगतात. एका जन्माची गोष्ट सांगताना बारा मागं जाणाऱ्या बाईला गुसडॉर्फचा एकटा माणूस कुठं बसवायचा?

रमाबाई रानड्यांचं पुस्तक घ्या. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये प्रसिद्ध झालं, न्यायमूर्ती गेल्यावर नऊ वर्षांनी. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि या अकराच्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं वडिलांच्या दबावापुढं मान तुकवून लहान मुलीशी लग्न केलं, हे त्यांनी लपवलेलं नाही. नवऱ्यानं शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी त्यावरून छळ मांडला, तेही सविस्तर आहे. बाहेर नवऱ्याची आज्ञा, आत सासरच्या बायकांचा राग, आणि मध्ये ही मुलगी हातात पुस्तक घेऊन.

सगळं पुस्तक ‘त्यांच्या’भोवती फिरतं, हे खरं आहे. म्हणून कित्येक जण ते रानड्यांचं चरित्र म्हणूनच वाचतात. पण कलकत्त्याचा प्रसंग नीट वाचावा. रानडे तिथं बंगाली शिकत होते. एक दिवस हजामत करून घेता घेता ते वाचत होते आणि अडलेला शब्द न्हाव्यालाच विचारत होते. रमाबाई आतून ऐकत होत्या. त्यांना हसू आवरेना, आणि न्हावी निघून गेल्यावर त्यांनी नवऱ्याची चांगली थट्टा केली. शाळेत हा प्रसंग रानड्यांच्या ज्ञानलालसेचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो आहेच. मला मात्र तिथं आतल्या खोलीतली बाई जास्त दिसते. कान देऊन ऐकणारी, गंमत हेरणारी, जज्ज असलेल्या नवऱ्याची थट्टा करण्याइतकी मोकळी झालेली. जिला नवऱ्यानं हात धरून शिकवलं होतं त्या मुलीचं इथवर काय झालं, हे एका हसण्यात कळतं. ती स्वतःबद्दल वाक्यभरही बोललेली नाही.

आणि पुस्तक संपतं कुठं? १९०१ मध्ये, रानड्यांच्या मृत्यूपाशी. लिहिणारी बाई पुढं तेवीस वर्षं जगली. पुस्तक आलं तेव्हा मुंबईत गावदेवीला सेवासदन सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, पुण्यातलंही सुरू झालं होतं. बायकांना शिवण, शुश्रूषा, शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या त्या अध्यक्ष होत्या. यातलं काही पुस्तकात नाही. पतिव्रता म्हणून लिहिलं, तर लोक विधवेचं लिखाण मान खाली घालून वाचतील, आणि त्याच पुस्तकातून बाईला शिकवलं तर काय होतं तेही त्यांच्यापर्यंत पोचेल. रमाबाईंनी हे मनाशी असंच ठरवलं होतं, असा दावा मी करणार नाही. पुस्तकाचा परिणाम मात्र तसा झाला. त्या काळात बाईला स्वतःबद्दल बोलायला एक परवाना लागायचा, आणि नवऱ्याची आठवण हा सगळ्यात मान्य परवाना होता.

इथं मुंबईचा हात किती होता, तेही सांगायला हवं. १९०१ च्या जनगणनेत भारतात लिहितावाचता येणाऱ्या बायका शंभरात एकसुद्धा भरत नव्हत्या. जिला अक्षर नाही तिची गोष्ट ओवीत राहते, कागदावर येत नाही. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन काढलं आणि तिथं शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. पुढं १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि अर्धशतकानंतर ‘माझे पुराण’ लिहिलं. चौपाटीवरची ती शाळा नसती तर ते पुस्तक नसतं. शहरानं या बायकांना पुरोगामी विचार दिला, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. मुंबईच्या चाळींतही सोवळं होतं आणि आजही आहे. पण शाळा, छापखाना, मासिकं, पगार आणि गावच्या नजरेपासून थोडी लपायची जागा, हे इथं होतं.

लपण्यावरून एक उदाहरण आठवतं, आत्मचरित्राच्या थोडं बाहेरचं. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं वाचून महाराष्ट्र हादरला. लिहिणारी कोण, याचा शोध सुरू झाला. त्या बाळूताई खरे होत्या, पुढच्या मालतीबाई बेडेकर. अनुभव आजूबाजूचा, नाव खोटं, प्रकार गोष्टींचा. लजूनचा करार त्यांनी मुद्दाम केला नाही, कारण तो करण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

आता ‘आम्ही’ म्हणून लिहिणाऱ्या बायकांकडं येऊ. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८२ च्या सुमारास ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचायच्या, आणि गिऱ्हाईक नसताना लिहायच्या. लिहिलेलं घरच्यांपासून जवळजवळ वीस वर्षं लपवून ठेवलं होतं. ते पुस्तक हातात घेऊन कोणी बेबीताईंचा संसार शोधायला गेलं तर फारसं काही मिळत नाही. आहे ते वीरगावचा महारवाडा, आषाढातले सण, पोतराज, भूक, बाळंतपणात मरणाऱ्या पोरी, सासुरवास, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दानं उठलेली वस्ती. २००८ मध्ये माया पंडित यांनी या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलल्या. पुस्तकात ते का नाही, याचं त्यांचं उत्तर साधारण असं होतं, की समाजाचं दुःख माझ्या दुःखापेक्षा मोठं.

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. एका बाजूला वाटतं, बाईनं इथंही स्वतःला मागं ठेवलं. दुसऱ्या बाजूला दिसतं, की पुस्तकात बाईवरचा मार आहेच, भरपूर आहे. फक्त तो एकटीचा म्हणून नाही, वस्तीतल्या सगळ्या सुनांचा म्हणून आहे. तिला ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढंच म्हणायचं नव्हतं. शर्मिला रेगे यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात दलित स्त्रियांच्या अशा लेखनाला साक्ष म्हणून वाचावं असं मांडलं. लॅटिन अमेरिकेत ही परंपरा आहे. एक माणूस उभा राहतो आणि ‘मी’ म्हणत आपल्या अख्ख्या समाजावर काय गुदरलं ते सांगतो. ग्वाटेमालातल्या रिगोबेर्ता मेंचू यांचं १९८३ चं निवेदन त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. पुढं एका संशोधकानं आक्षेप घेतला, की त्यातले काही प्रसंग तिनं सांगितले तसे घडलेले नाहीत, काही तिनं स्वतः पाहिलेले नाहीत. मोठा वाद झाला. पण सगळ्या समाजाच्या वतीनं बोलणाऱ्या ‘मी’ला एकट्या माणसाच्या डायरीचा निकष लावायचा का, हा प्रश्न त्या वादानंतरही शिल्लक आहे. माझं मत विचाराल तर, घडलेल्या गोष्टीची तारीख-ठिकाण कोणालाही तपासू द्यावं. पण बाईनं ‘आम्ही’ म्हटलं म्हणजे ती कमी खरी, असं धरू नये.

ऊर्मिला पवार या बाबतीत फार पुढं गेल्या असं मी मानते. कोकणातल्या घरात आई बांबूच्या टोपल्या-सुपं विणून घर चालवायची. लग्नानंतर मुंबई, सरकारी नोकरी, मुलं, आणि त्यातून वेळ काढून एम.ए. १९८९ मध्ये मीनाक्षी मून यांच्यासोबत त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याकडून ऐकून, लिहून काढलेला तो इतिहास. स्वतःचं आत्मचरित्र ‘आयदान’ त्यानंतर चौदा वर्षांनी, २००३ मध्ये आलं. आधी इतरजणींचं ऐकलं, मग आपलं सांगितलं. त्यामुळं ‘आयदान’मध्ये ‘आम्ही’ही आहे आणि ‘मी’ही. सवर्णांनी केलेला अपमान आहे, आणि चळवळीतल्या नवऱ्याला बायकोचं शिकणं, लिहिणं, बाहेर पडणं खुपायला लागतं तेही आहे. शरीराबद्दल, पहिल्या रात्रीबद्दलही त्या बोलतात. घरातलं बाहेर काढलं तर समाजाची बदनामी, हा धाक दलित बाईला दुहेरी असतो. तो धाक ओलांडून त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात ठेवल्या.

मल्लिका अमर शेख यांचंही इथं नाव घेतलं पाहिजे. १९८४ मध्ये ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. आत्मचरित्र उतारवयात, हिशेब मिटल्यावर लिहायचं, हा संकेतच त्यांनी मोडला. शाहीर अमर शेख यांची मुलगी, नामदेव ढसाळ यांची बायको. दोन्ही नावं मुंबईच्या चळवळींत दुमदुमणारी. पुस्तकावर आडनाव वडिलांचं ठेवलं, आणि ते नावही वडिलांनी चळवळीत आल्यावर घेतलेलं. त्यांचं मूळ नाव महबूब हुसेन पटेल. क्रांतीच्या गोष्टी करणाऱ्या घरात बाईची होरपळ होते म्हणजे काय होतं, हे त्या पुस्तकानं धगधगत असतानाच सांगितलं. त्यात शहाणपणाचा निथळलेला सूर नाही. निथळायला वेळच दिलेला नाही, आणि तेच त्याचं बळ आहे.

मग लेखणी स्वतःच्या हातात नसेल तर? हंसा वाडकर यांनी आपलं आयुष्य बोलून सांगितलं, अरुण साधूंनी ते शब्दबद्ध केलं. ‘माणूस’ या नियतकालिकात ते १९६६ मध्ये आलं, १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ या नावानं पुस्तक झालं. हे नाव त्यांच्याच गाजलेल्या चित्रपटाचं. पुढं त्यावर श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ केला. बोलणारी एक, लिहिणारा दुसरा, पडद्यावर दाखवणारा तिसरा. यात मूळ बाई किती उरली? संशय रास्त आहे. तरी पुस्तक वाचताना मला एक गोष्ट जाणवते. लिहिणाऱ्या बाईला वाक्य खोडायला वेळ मिळतो; बोलणारी बाई पुढं निघून गेलेली असते. दारू, घरातून निघून जाणं, पुरुष, पोटात राहिलेलं मूल, या सगळ्याबद्दल हंसाबाई कैफियत देत नाहीत, क्षमा मागत नाहीत. ऐका म्हणतात आणि सांगतात. २०१२ मध्ये लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून आलं, तेही याच वाटेनं. ठाण्याच्या घरातला थोरला मुलगा ते लक्ष्मी हा प्रवास त्यात आहे. ज्या समाजाबद्दल इतरांनीच अफवा सांगितल्या, त्यातल्या एकीनं स्वतःचं नाव स्वतः घेतलं. शब्दांकनाला कमी लेखणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं.

आता जरा तक्रार. गिरगावात आम्ही काही जणी महिन्यातून एकदा पुस्तकावर बोलायला जमतो. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ घेतलं त्या दिवशी पहिला अर्धा तास फक्त पु.लं.वरच चर्चा झाली. भाई घरात असे होते का? हे लिहायला हवं होतं का? ते हयात असताना? १९९० मध्ये पुस्तक आलं तेव्हाही महाराष्ट्रात हेच झालं. शेवटी एक काकू म्हणाल्या, “अगं, पण हिचं काय? बेचाळीसच्या चळवळीत गेली होती ही. त्यावर एक अक्षर बोललो नाही आपण.” त्यानंतर खरी चर्चा सुरू झाली. कविता पाठ असलेली, नवऱ्याच्या नाटकांचा, पैशांचा, दानाचा व्यवहार सांभाळणारी, करडी, स्वतःलाही न सोडणारी बाई त्या पानापानांत होती आणि आम्ही तिच्या खांद्यावरून पलीकडं बघत होतो.

ही सवय जुनी आहे. रमाबाईंचं पुस्तक रानड्यांसाठी, लक्ष्मीबाईंचं टिळकांसाठी, मल्लिकाताईंचं ढसाळांसाठी, माधवी देसाईंचं ‘नाच गं घुमा’ रणजित देसाईंसाठी वाचायचं. बाईनं गौरव केला तर तो पुरावा, तक्रार केली तर तोही पुरावा. खटला मात्र नवऱ्याचाच. बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेर येतच नाही. तिनं स्वतःला घडवायला पुस्तक लिहिलं आणि आपण त्याची कागदपत्रं करून टाकली. मला याचा राग येतो, कारण यात वाचकाचंच नुकसान आहे. नवऱ्याबद्दलची माहिती इतर शंभर ठिकाणी मिळेल. ती बाई फक्त तिथंच भेटणार असते.

म्हणून कोणाला ही पुस्तकं नव्यानं वाचायची असतील तर माझी सूचना अशी. पहिलं प्रकरण दोनदा वाचा आणि गोष्ट कुठून सुरू झाली ते बघा: जन्मापासून, लग्नापासून, आईपासून की वस्तीपासून. मग शेवट कुठं केला ते बघा, आणि लिहिणारी त्यानंतर किती वर्षं जगली तेही शोधा. मधल्या पानांत कोणाच्या समोर तिचा आवाज बदलतो ते ऐका; सासूसमोर एक, मुलांसमोर दुसरा, बायकांच्या घोळक्यात तिसरा. सुरुवात ‘स्मृतिचित्रे’नं करा, कारण ते हातात धरलं की खाली ठेवता येत नाही. लगेच पाठोपाठ ‘जिणं आमुचं’ घ्या. दोन्हींत सोवळं-ओवळं आहे. एकीकडं ते पाळणाऱ्या घरातून पाहिलेलं, दुसरीकडं ज्यांचा विटाळ मानला जायचा त्यांच्या दारातून. त्यानंतर ‘आयदान’. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात ही पुस्तकं मिळतील, आणि दहिसरला स्पॅरो ही बायकांच्या आवाजांचा, छायाचित्रांचा, मुलाखतींचा संग्रह करणारी संस्था आहे, १९८८ पासूनची. ज्या बायकांनी कधी लेखणी धरली नाही त्यांचं बोलणं तिथं जपलेलं आहे. अभ्यास करणाऱ्या मुलींनी छापील पुस्तकांवर न थांबता तिथंही जावं.